नाताळची चांदणी

शाल्मलीनं एसटीत दहावीचा भूगोल उघडला खरा, पण पुढच्या बाकावर दोघीजणी बोलायला लागल्या आणि भूगोल मांडीवरच राहिला.

"धनीबाई, होळी झाली, अन् तुह्या दारात नाताळची चांदणी अजून लटकूनच हाये! सारा तांडा हासते."

"हासू दे, बबिता. बादल म्हणला होता, याडी, नाताळाले घरी येतो. माहा पोरगा आल्याबिगर माहा नाताळ सरत नाही."

"फोन तरी लागते का त्याचा?"

"तीन महिने झाले, बंदच हाये. दोन दिवस जेवली नव्हती मी. म्हणलं, येशू, आता नाही होत माह्यानं. वर पाह्यलं तं चांदणी. येशू जलमला तवा जे लोक दुरून त्याच्याकडं आले, त्याईले चांदणीनंच वाट दावली ना?"

"ते ज्ञानी लोक होते वं! तुहा बादल तं बोरीच्या बाजारातबी हरवे."

"म्हणून तं चांदणी पाह्यजे."

शाल्मली पुस्तकाआड हसली.

"मंग आज बाजारात कायले चालली?"

"तिचा बल्ब गेला. कालपासून दार अंधारात हाये. आजच आला तं?"

बोरी अरब आलं, तेव्हा पिशवी उचलता उचलता बबिता म्हणाली, "दोन घे वं. एक गेला तं?"