धुऱ्यावर काढलेले बूट

शेवटचा आलो म्हणून हसता ना? हसा, पण झालं काय ते ऐका.

सायक्लोक्रॉस म्हणजे चिखलातली सायकल शर्यत. जिथं सायकल चालत नाही, तिथं ती खांद्यावर घेऊन पळायचं. अमरावतीबाहेर प्लॉट पाडलेल्या ज्या ले-आउटवर शर्यत होती, ते आधी आमचंच वावर होतं. विकल्यापासून बाबा तिकडं फिरकले नव्हते. त्या दिवशी मात्र माझी पहिली शर्यत म्हणून आले.

धुऱ्यापर्यंत, म्हणजे वावराच्या बांधापर्यंत, मी तिसरा होतो. उतरलो, सायकल खांद्यावर घेतली आणि पायातले बूट काढून धुऱ्यावर ठेवले. आमच्या घरचं कोणी पायताण घालून वावरात जात नाही. हात आपोआप गेले, मला कळलंसुद्धा नाही.

मागून माझा मित्र प्रशांत ओरडला, “अबे, बूट काहून काढून राहिला?”

सगळे पुढं निघून गेले. काळ्या मातीतून अनवाणी पळत मी शेवटी पोचलो.

प्रशांत बाबांना म्हणाला, “काका, याले सांगा ना, ते आता तुमचं वावर नाही राहिलं.”

बाबा चिखलात उभे होते. चपला त्यांच्या हातात होत्या.

“आपण इकलं,” ते म्हणाले, “हे वावराले कोनं सांगतलं?”