ऐकणाऱ्याचं नाव

नवरा : ...आणि मी हात वर केला, तर गडी सरळ रस्ता ओलांडून पलीकडे गेला!

बायको : घाईत असेल.

नवरा : सुतार आणि घाईत? आपलं एक कपाट करायला त्याने चार महिने घेतले. नाही गं, मला बघितलं आणि टाळलं. मी काय घोडं मारलंय त्याचं?

बायको : अहो, चहा निवतोय.

नवरा : तुमच्या साधनेलाही येत नाही म्हणे तो. तुमच्या त्या ग्रुपवर काही झालं का?

बायको : ग्रुप सोडला त्याने. तीन आठवडे झाले.

नवरा : का?

बायको : मी थोडं बोलले त्याला. म्हणजे, लिहिलं. पण अगदी शांतपणे हं. एक वावगा शब्द नाही.

नवरा : तू शांतपणे बोलायला लागलीस की मी गच्चीवर जातो. काय झालं होतं?

बायको : साधनेच्या हॉलचं दार सहाला बंद होतं. त्याची बस येते सहा-पाचला. दहा मिनिटं दार उघडं ठेवा, म्हणून मागे लागला होता. तीनदा लिहिलं त्याने. शिस्त म्हणून काही आहे की नाही?

नवरा : वाच, काय लिहिलंस ते.

बायको : तुम्हीच वाचा ना.

नवरा : चष्मा वर राहिला. तू वाच. ऐकायचं यंत्र आहे कानात.

बायको : "दादा, दार कुणासाठीच बंद नसतं. ज्याला खरी ओढ असते तो वेळेआधी येतो. तुमच्या मनात ती ओढ जागी व्हावी म्हणून मी रोज प्रार्थना करते."

नवरा : करतेस?

बायको : काय?

नवरा : प्रार्थना. रोज.

बायको : नाही.

नवरा : चांगला शालजोडीतला हाणलास. लोक काय म्हणाले?

बायको : एकेचाळीस जणांनी हात जोडले.

नवरा : आणि तो?

बायको : "बरोबर आहे ताई." एवढंच लिहिलं, आणि गेला.

नवरा : वाचताना शेवटी तू अडखळलीस. अजून काहीतरी आहे खाली.

बायको : काही नाही, नेहमीची ओळ.

नवरा : कुठली नेहमीची?

बायको : आमचा नियम आहे ना. कुणाशी पटलं नाही आणि उत्तर द्यायचं असलं, तर पाठवण्याआधी एका माणसाला मोठ्याने वाचून दाखवायचं. तो हो म्हणाला तरच पाठवायचं. आणि खाली त्याचं नाव घालायचं, ऐकणारा अमुक अमुक.

नवरा : नियम झकास आहे. मग ऐकणारा कोण होता?

बायको : तुम्ही.

नवरा : मी?

बायको : त्या दिवशी सकाळी इथेच बसून पेपर वाचत होतात. मी वाचून दाखवलं. तुम्ही मान हलवलीत.

नवरा : यंत्र कानात होतं?

बायको : चार्जिंगला लावलेलं होतं.

नवरा : तुला माहीत होतं?

बायको : ओट्यावर होतं. माझ्या समोर.

नवरा : तीस वर्षं छापखान्यात काढली मी. कान गेले ते तिथेच. पण माझ्या नावावर असलं काही कधी छापून आलं नव्हतं.

बायको : मला तेव्हाच कळत होतं हो. तुम्ही ऐकलं असतंत तर पाठवू दिलं नसतंत. म्हणूनच तर... तीन आठवडे डोळे मिटून बसते, आणि ते एकेचाळीस जोडलेले हात दिसतात. लाज वाटते मला. आणि रविवारपासून ग्रुप माझ्याकडे द्यायचं ठरलंय. का, तर मी नियमाची पक्की!

नवरा : मग लिही तिथे, जे झालं ते.

बायको : त्याला फोन करते ना. दोघांतच मिटेल.

नवरा : फोन करच. पण त्याला झोडपलंस चव्हाट्यावर, आणि माफी मागणार कोपऱ्यात?

बायको : मग रविवारी मला कोण देईल ग्रुप?

नवरा : नाही देणार.

बायको : ...बरं. लिहिते. "सुतारदादांना लिहिलेलं मी कुणालाही ऐकवलं नव्हतं. खाली यांचं नाव खोटं घातलं. माझे शब्द चुकले."

नवरा : चुकले कुठे? चांगले पारखून घेतले होतेस.

बायको : "...त्यांना लागावं म्हणूनच ते शब्द निवडले होते." बास?

नवरा : बास. पाठव, आणि लाव त्याला फोन.

(पलीकडून करवतीचा आवाज. मग तो थांबतो.)

सुतार : बोला ताई.

बायको : दादा, तुम्ही ग्रुपवर नाही, म्हणून तुम्हाला वेगळं सांगते. त्या दिवशीचं मी कुणालाच ऐकवलं नव्हतं. तुम्हाला लागावं म्हणूनच लिहिलं होतं. ग्रुपवरही आत्ता तसं लिहिलंय.

सुतार : एक मिनिट, एक मिनिट. तुमच्या यजमानांनी ते ऐकलंच नव्हतं?

बायको : नाही.

सुतार : मान्य वगैरे काही नाही?

बायको : त्यांना आज कळलं. आत्ताच.

सुतार : अरे देवा.

बायको : माझं फार चुकलं, दादा.

सुतार : तुमचं काय हो ताई, तुम्ही फटकळ, सगळ्यांना माहीत आहे. ते मी बसमध्येच सोडून दिलं असतं. लागलं ते खालचं नाव. म्हटलं, हा माणूस माझ्याकडे येऊन तासन्‌तास लाकडावर गप्पा मारतो, आणि त्याने हे ऐकून हो म्हटलं?

बायको : मला माफ कराल?

सुतार : यजमान आहेत का जवळ? फोन द्या त्यांच्याकडे. मनातल्या मनात नाही नाही ते बोललोय मी त्यांना. आधी त्यांची माफी मागतो. तुमचं मग बघू.