कच्च्या टाक्याची डिस्क

बसा, बसा सगळे. मागं उभे आहात ते पुढं या, सतरंजीवर जागा आहे. या विठ्ठलाच्या देवळात मी आजवर पुष्कळ बोललोय, आज तोंड उघडत नाही. श्रीकांतबद्दल दोन शब्द बोला म्हणता. पण मंडळी, तो शेवटी शेवटी नेमकं काय करत होता, तेच मला धड कळलेलं नाही. गोत्तिल्ला! खरंच ठाऊक नाही.

तुम्ही त्याला ओळखता. नोकरीसाठी नाशकाहून इकडं कानडी मुलखात, कडकोळला आला आणि आपलाच झाला. पंधरा वर्षं दर एकादशीला आपलं भजन रेकॉर्ड करायचा. स्वतः कधी गायला नाही. "काका, मी मशीनच्या मागंच बरा," म्हणायचा. आपल्या गेलेल्या म्हाताऱ्यांचे आवाज, माझ्या वडिलांचा, अण्णांचा आवाज, सगळं देवळातल्या दोन डिस्कवर. दुसरीकडं कुठंही नाही.

गेल्या महिन्यात देवळातला कॉम्प्युटर जळाला. डिस्क तेवढ्या बचावल्या. नवा कॉम्प्युटर आणला. मी म्हटलं, आय्तु, झालं काम! लाव डिस्क, अण्णांच्या पुण्यतिथीला त्यांचा अभंग वाजवू. तर हा म्हणतो, "थांबा काका. याचा कर्नल नवा आहे."

कर्नल म्हणजे काय रे बाबा? तर म्हणे, मशीनचा मुख्य कारभारी. डिस्कवरच्या फाइली वाचायला-लिहायला एक ड्रायव्हर लागतो, आणि त्याचं या कारभाऱ्याशी जमलं पाहिजे. जुना ड्रायव्हर भरवशाचा, पण तो या नव्या कर्नलसाठी केलेलाच नाही. नवा ड्रायव्हर याच कर्नलसाठी केलेला, पण आठवड्यापूर्वीच आलेला. मी म्हटलं, मग नवा घाल! "तो चालतो, काका. पण चालतो म्हणजे सांभाळतो असं नाही." बरं, मग जुना घाल! "तो जबरदस्तीनं बसवावा लागेल." अरे, मग करायचं तरी काय? नुसता हसला. माझं डोकं गरगरलं. अजून गरगरतंय.

पुण्यतिथी आली आणि गेली. अभंग वाजला नाही. पुढच्याच आठवड्यात तो देवराज मोहल्ल्यात माझ्या शिलाईच्या दुकानात आला, तर मी हातातली कात्रीसुद्धा खाली ठेवली नाही. म्हटलं, "एका बटणाचं काम, आणि तू नखरे करतोस. नको आम्हाला तुझा ड्रायव्हर." तो म्हणाला, "काका, हे तुम्हीच शिकवलंत ना?" काय शिकवलं, ते मी विचारलंच नाही. "जा, गिऱ्हाईक थांबलंय," म्हटलं. तिसऱ्या दिवशी कामावरच त्याच्या छातीत कळ आली, आणि संपलं.

हे माझं शेवटचं बोलणं. काय माणूस आहे मी?

काल त्याची बायको, आपली वैशाली, इथं बसलीय बघा, एक तिसरीच डिस्क घेऊन आली. वर चिकटपट्टी, आणि तिच्यावर त्याच्या अक्षरात दोन शब्द: 'कच्चा टाका'. तेव्हा कुठं माझी ट्यूब पेटली. आपल्या शिंप्यांना हे सांगायला नको. नवा बेत असला की आधी आपल्याच जुन्या कापडावर कापायचा, कच्चा टाका घालून बघायचा. गिऱ्हाइकाच्या कापडावर हात शिकायचा नाही. हे मीच त्याला सांगितलं होतं, कधीतरी दुकानात चहा पिता पिता. मी विसरलो, त्यानं लक्षात ठेवलं.

डिस्कबरोबर कागद होता. वैशालीनं वाचून दाखवला. या त्याच्या स्वतःच्या डिस्कवर त्यानं आधी नवा ड्रायव्हर चालवून पाहिला; तीन दिवस सगळं ठीक. चौथ्या दिवशी फाइलला मधेच भोक, आणि मशीननं हूं की चूं केलं नाही. मग त्यानं कर्नलच एक पायरी मागचा घेतला, जुन्या ड्रायव्हरशी जमणारा. आठ दिवस चालवला, एक चूक नाही. खाली लिहिलंय, 'आता काकांच्या डिस्क लावायला हरकत नाही.' हेच सांगायला आला होता का तो दुकानात? मला माहीत नाही, आणि आता विचारू कुणाला?

काल संध्याकाळी त्या कागदाप्रमाणे वैशालीनं डिस्क लावल्या. अण्णा गायले. मी रडत होतो की हसत होतो, मलाच कळेना.

पण या तिसऱ्या डिस्कवर काय होतं, ठाऊक आहे? आपल्यातल्या एकाचाही आवाज नाही. ड्रायव्हर तपासायला एखादी फाइल हवी म्हणून तो स्वतः गायला होता. हो, श्रीकांत! वैशालीनंसुद्धा ते कधी ऐकलं नव्हतं. एवढं एकच गाणं, आणि भोक पडलं ते त्यालाच. मधे एका कडव्याएवढं काहीच नाही. मग पुन्हा तो.

ते आता लावतो. आवाज गेला की मशीन बिघडलं समजू नका. तेवढा वेळ सगळे उभे राहा, अगदी गप्प. तो परत गायला लागला की बसा.

श्रीकांत, चुकलो रे मी. गा बाबा आता.