मूळ घराचा रकाना

छापखानेवाला : थांबा दाजी, मशीन बंद करतो. नीट ऐका. दादाला सकाळी उचललं. भर वर्गातून.

दाजी : तिकडे, सीमेपलीकडे? कुणी सांगितलं?

छापखानेवाला : वहिनीनं. पोलिसांनी तिला पान दाखवलं. माझं नाव, हा छापखाना, आणि शेवटच्या रकान्यात मूळ घर : दादा, त्याची शाळा, गल्ली. आपल्या संघटनेच्या सभासद-यादीचं पान.

दाजी : शक्य नाही. यादी माझ्या कुलपात आहे.

छापखानेवाला : तीनशे प्रती कुलपात. मी छापल्या तीनशे एक. ती एक तुमच्याच सांगण्यावरून इथल्या सरकारच्या साहेबांना. सोनेरी अक्षरांची.

दाजी : कागद त्यांच्या सरकारचा, सभागृह त्यांचं, रेडिओ त्यांचा. आपल्याला वेगळा देश मिळावा म्हणणारं दुसरं होतंच कोण? पाठीशी उभे होते.

छापखानेवाला : पाठीशी उभ्या माणसाचे हात दिसत नाहीत, दाजी. तिकडचा पूल उडाला तेव्हा मी विचारलं होतं, दारूगोळा कुणाचा? तुम्ही पुढच्या सभेचं पत्रक छापायला दिलंत. काल टीव्हीवर यांच्या सरकारचे हात दिसले. तिकडच्या मंत्र्याच्या हातात. करार झाला.

दाजी : आपल्याला वापरलं.

छापखानेवाला : पाहुण्याच्या हातून साप मारायचा होता. साप मरेना, मग पाहुणाच दिला.

दाजी : पण तो रकाना घालायचा हट्ट तुमचा होता.

छापखानेवाला : माझाच. आपल्यात घर सांगितल्याशिवाय नाव पुरं होतं का? आणि तुम्ही खूश होऊन म्हणालात, देश झाला की परतताना घरं शोधायला नकोत. नाहीच लागली शोधायला.

दाजी : सगळ्यांना फोन करू. सावध तरी होतील.

छापखानेवाला : तिकडे फोन ऐकतात. इथून गेला, की राहिलेला संशयही आपणच फेडला.

दाजी : मग साहेबांना गाठू.

छापखानेवाला : केला फोन. म्हणाले, या नावाचं इथं कुणी नाही. तोच आवाज, तोच खोकला.

दाजी : तुमच्या ताईला कळलंय?

छापखानेवाला : आत बसलीय. यादीचं कच्चं प्रूफ राहिलं होतं, तेच ओळीवर बोट ठेवून वाचतेय.

दाजी : दादांचं पान?

छापखानेवाला : ते चौथं. वहिनी म्हणाली, पोलीस पहिल्या पानापासून क्रमानं निघालेत. ताई सहाव्यावर थांबलीय. तुमच्या आईपाशी.

दाजी : आई दाराला कडी लावत नाही. मी येईन म्हणून.