एकहाती गाडी

प्रमोद : म्हणजे परत क्लचप्लेट?

हिरामण : परत. ही बघा, हातात घ्या. जाडी राहिलीच नाय. पापड झालाय पापड.

प्रमोद : हिरामणभाऊ, दीड वर्षापूर्वी तुमच्या याच गॅरेजात, याच बाकड्यावर बसून मी हाच पापड हातात घेतला होता. तेव्हा तुम्ही म्हणालात, साहेब, आता पाच वर्षं बघायला नको.

हिरामण : मग मी काय खोटं बोललो? तुम्ही कुठं बघितलंत? उघडली मी, बघितली मी.

प्रमोद : ऐकलंस बकुळा? या कॅम्प पाच भागात मेकॅनिक आणि वकील एकाच माणसात मिळतात.

बकुळा : अहो, मस्करी नंतर करा. बारा वाजलेत. एकला तो भगवंत एजंट टोचन घेऊन गाडी उचलायला येतोय.

हिरामण : कोण, जुन्या गाड्या घेतो तो भगवंत? साहेब, गाडी विकताय? आणि मला सकाळपासून गिअरबॉक्स उतरवायला लावलात?

प्रमोद : अजून पक्कं नाही हो. म्हटलं, आधी तुमचा आकडा ऐकू. भगवंत म्हणतो, चालू स्थितीत नसेल तर बत्तीस हजार. मी म्हटलं, मीही चालू स्थितीत नाही, माझे किती देणार? तर फोन ठेवला त्याने.

बकुळा : पक्कं नाही कसं? काल त्याला हो म्हणालात. मी भांडी घासत होते, बहिरी नव्हते.

प्रमोद : मग करू काय? तेरा वर्षांची झाली गाडी. या वर्षात रेडिएटर झाला, स्टार्टर झाला, शॉकअप झाले. एसीचं तर असं आहे, खिडकी उघडली की सुरू. चिखलोलीला आमच्या सोसायटीत लोक मला पार्किंगमध्ये बघितलं की आपोआप बाह्या सरसावतात. धक्का मारायचाय म्हणून. परवा वॉचमन विचारतो, साहेब, आज तुम्ही गाडीला घेऊन चाललात की गाडी तुम्हाला?

हिरामण : आकडा ऐका. प्लेट, प्रेशरप्लेट, बेअरिंग, मजुरी. अकरा हजार धरा. पुढचे बुश पण गेलेत. ते घातले तर पंधरा धरा.

प्रमोद : धरतो. धरून धरून हात दुखायला लागलेत माझे.

बकुळा : आणि आईचं काय?

प्रमोद : रिक्षा करू ना.

बकुळा : रिक्षात आई चढू शकत नाही. गुडघा वाकत नाही तिचा. तुम्हाला माहीत आहे, तरी बोलता. फोनवरून टॅक्सी बोलवावी तर आमच्या गल्लीचं नाव बघून कॅन्सल करतात. हिरामणदादा, माझ्या आईला गणपतीत झटका आला. डावी बाजू गेली. मंगळवार-शुक्रवार अंबरनाथला फिजिओथेरपीला न्यावं लागतं. या गाडीची पुढची सीट पार मागे जाते, म्हणून ती बसते तरी. तिथल्या मॅडम म्हणाल्यात, पावसाळ्यापर्यंत जेवढी सुधारेल तेवढीच, पुढे मग आहे तशीच राहणार. आणि त्यातल्या तीन फेऱ्या गाडी बंद म्हणून बुडाल्या.

प्रमोद : आणि दोन माझ्यामुळे. रजाच उरल्या नाहीत, आजचीही बिनपगारी आहे. आमचे साहेब म्हणाले, प्रमोद, पेशंट नक्की कोण, तू की तुझ्या सासूबाई?

बकुळा : आमचा अभिजीत म्हणतो, दे पाठवून इकडे सोनिवलीला, पडून राहील खाटेवर. सख्खा भाऊ माझा! पडून राहील म्हणे. मला ती पडून नकोय हो दादा. मला ती चालायला हवीय.

हिरामण : चालतील वैनी. का नाय चालणार?

बकुळा : गाडी राहिली तर चालेल. एक विचारू तुम्हाला? बाकीच्या गिऱ्हाइकांची क्लचप्लेट किती टिकते?

हिरामण : ते काय, चालवणाऱ्यावर असतं.

प्रमोद : गाडीवर असतं. जुनी झाली की जाते.

बकुळा : मी त्यांना विचारलं.

हिरामण : आता घरची गाडी म्हटली तर पाच-सहा वर्षं आरामात. ते मागच्या गल्लीतले कपड्यावाले साईं आहेत ना, त्यांची सात वर्षं झाली, अजून टकाटक आहे.

बकुळा : आणि आमची?

हिरामण : तुमची ही आठवी.

प्रमोद : आठवी? आठवीला मी शाळेतही बसलो होतो. दोनदा.

बकुळा : गप्प बसा हो. दादा, गाडी नवी होती तेव्हा पहिली प्लेट कधी गेली?

हिरामण : दीड वर्षात.

बकुळा : म्हणजे जुनी झाली म्हणून जात नाही.

हिरामण : चहा सांगू का?

बकुळा : नको.

हिरामण : साहेब, सांगू का मग?

प्रमोद : चहाचं विचारताय की दुसरं काही? माझ्याकडे असे बघू नका. सांगून टाका.

हिरामण : वैनी, साहेबांचा डावा पाय क्लचवरून उठतच नाय. गिअर टाकताना ठीक आहे, पण मोकळ्या सरळ रस्त्याला पण पाय तिथंच. ओट्यावर पाय टेकवून बसल्यासारखा. त्यानं प्लेट सारखी घासत राहते. गाडीचा काय दोष नाय. इंजिन तर एक नंबर आहे.

बकुळा : आणि तुम्ही तेरा वर्षं गप्प बसलात?

हिरामण : गप्प कसा? दुसऱ्या प्लेटला सांगितलं होतं. साहेब असले भडकले! म्हणाले, मला शिकवतोस? माझी गाडी एकहाती आहे, माझ्याशिवाय कुणाचा हात लागलेला नाय. सहा महिने दुसऱ्या गॅरेजला गेले. तिथं पण एक प्लेट घालून आले. ती मी मोजलेली नाय.

बकुळा : म्हणजे नऊ.

हिरामण : मग मी पण म्हटलं, जाऊ दे. खोटं कशाला बोलू वैनी, माझ्या पण घरी चूल पेटते त्याच्यावर.

प्रमोद : आणि मी सोसायटीच्या गेटवर उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो, बघा, एकहाती गाडी आहे.

हिरामण : एकहाती नाय साहेब. एकपायी.

प्रमोद : हसा. हसा दोघंही. मलाच हसू येतंय. तेरा वर्षं या गाडीच्या नावाने बोटं मोडली मी. भंगार म्हटलं, पनवती म्हटलं, बनवणाऱ्याचा उद्धार केला. आणि खर्च सगळा माझ्या डाव्या पायाचा! एवढा खर्च तर तुझ्या आईच्या डाव्या पायावर नाही झाला अजून.

बकुळा : पण पाय ठेवता कशाला?

प्रमोद : सवय.

बकुळा : कसली सवय? बाकी कुठली सवय तुम्हाला दोन महिने टिकत नाही. मॉर्निंग वॉक नाही टिकला, योगा नाही टिकला. ही बरी तेरा वर्षं टिकली?

प्रमोद : हिरामणभाऊ, तो चहा सांगा आता.

हिरामण : सांगतो. जाऊनच सांगून येतो. त्याला फोन लागत नाय.

प्रमोद : गेला का?

बकुळा : गेला. बोला.

प्रमोद : अंबरनाथचा पूल आहे ना, रेल्वेवरचा. गाडी घेऊन तिसरा महिना होता. चढावर सगळं ट्रॅफिक थांबलं. मीही थांबलो. परत निघायला गेलो तर गाडी मागे. थांबेचना. हँडब्रेक कुठे असतो तेच आठवेना मला. आणि मागे शाळेची रिक्षा. पोरांनी खच्चून भरलेली. वीतभर अंतर राहिलं असेल, तेव्हा अर्ध्या क्लचवर थांबली.

बकुळा : अगं बाई! कुणाला लागलं?

प्रमोद : कुणाला काही नाही. रिक्षावाल्याने शिवीसुद्धा नाही दिली. दिली असती तर बरं झालं असतं. उतरला, माझ्या खिडकीशी आला, म्हणाला, काका, पाणी प्या. तेव्हा मला चाळिशीही लागली नव्हती.

बकुळा : मी कुठे होते?

प्रमोद : माहेरी. आपली तेजल मागच्या सीटवर होती, पाचवीत असेल. तिला आईस्क्रीम दिलं, मम्मीला सांगू नकोस म्हणून. पोरगी शहाणी, आज पुण्यात नोकरी करते, अजून बोलली नाही. त्या दिवसापासून पाय उठत नाही माझा. भीती वाटते बकुळा. रोज वाटते. चावी हातात घेतली की सुरू होते. रस्ता सपाट असला तरी वाटतं, ही आता मागे जाणार.

बकुळा : आणि मला म्हणायचात, ही गाडी माझ्याच हाताला बसलीय, तुला नाही जमायची. मला वाटायचं, माज आलाय नवऱ्याला.

प्रमोद : वाटायलाच हवं होतं. घाबरट दिसण्यापेक्षा माजोरडा दिसलेला परवडतो. आणि खरं सांगू? तू शिकली असतीस आणि तुला सहज आली असती, तर मी तोंड कुठे लपवलं असतं?

बकुळा : आलीय.

प्रमोद : काय आलीय?

बकुळा : गाडी. सहज आलीय. आई दवाखान्यातून घरी आली आणि मी बदलापूरला क्लास लावला. दुपारचा, तुम्ही कंपनीत असताना. शेजारच्या राजाबाई आईजवळ बसायच्या. पक्कं लायसन्स मिळून दोन महिने झाले. तांदळाच्या डब्यात आहे.

प्रमोद : तांदळाच्या डब्यात?

बकुळा : तिथे तुमचा हात कधी जात नाही.

प्रमोद : मग बोलली का नाहीस?

बकुळा : दोनदा चावी मागितली. एकदा म्हणालात, टायरमध्ये हवा कमी आहे. एकदा म्हणालात, आज अमावास्या आहे.

प्रमोद : होती अमावास्या.

बकुळा : अष्टमी होती. मीही मग हट्टाला पेटले. म्हटलं, एक दिवस स्वतःहून चावी देतील. त्या नादात आईच्या दोन फेऱ्या बुडाल्या, त्या माझ्या नावावर घाला. तुम्ही भीती लपवली, मी लायसन्स लपवलं. फुकट ती बिचारी घरात बसून राहिली.

प्रमोद : भगवंतचा फोन वाजतोय.

बकुळा : घ्या मग. काय सांगायचं ते तुम्ही ठरवा.

प्रमोद : हॅलो. हां भगवंतशेठ. विठ्ठलवाडीपर्यंत आलात? अहो, वळा तिथूनच. गाडी द्यायची नाही. नाही, नाही, दुसरं गिऱ्हाईक नाही आलं. दोष सापडला. ड्रायव्हरमध्ये. अहो, ड्रायव्हर विकायला काढलेला नाही. बघतो, घरच्यांना विचारून कळवतो.

बकुळा : आता का हसताय?

प्रमोद : तो म्हणतो, ड्रायव्हर किती सालचा आहे?

हिरामण : चहा घ्या. मग काय ठरलं? घालू प्लेट?

बकुळा : घाला. चांगल्यातली घाला. बुश अजून किती चालतील?

हिरामण : आवाज करतील, पण दोन महिने ओढतील.

बकुळा : मग आज फक्त क्लच. बुश दोन महिन्यांनी. आणि यापुढे काय गेलंय ते मला फोन करून सांगायचं, यांना नाही. हे ऐकतात आणि विनोद करतात. चारपर्यंत होईल? साडेपाचची वेळ आहे आईची.

हिरामण : चार म्हणजे चार. पण वैनी, साहेब चालवणार असतील तर मी गॅरंटी नाय देणार. आत्ताच सांगतो.

प्रमोद : साहेब नाही चालवणार. वैनी चालवणार. मलाच सांगू दे एकदा, परत धीर होईल न होईल. हिरामणभाऊ, मी गाडीला घाबरतो. आता चहात साखर घाला जरा.

(दुपारी चार. गाडी गॅरेजच्या बाहेर, तोंड अंबरनाथकडे. चावी बकुळाकडे.)

प्रमोद : मी मागे बसू का?

बकुळा : पुढे बसा. पट्टा लावा.

प्रमोद : या बाजूचा पट्टा निघतो कसा? तेरा वर्षांत पहिल्यांदा बसतोय इथे. बरी आहे की सीट! तुझी आई उगाच नाही कौतुक करत.

बकुळा : हिरामणदादा, येते. अहो, तुमचा पाय काय करतोय?

प्रमोद : काही नाही. ब्रेक शोधतोय.

बकुळा : तिकडे नाहीये.

प्रमोद : कळलं. बकुळा, पुढे चढ आहे.

बकुळा : दिसतोय.

प्रमोद : मागे टेम्पो आहे.

बकुळा : आरशात दिसतोय.

प्रमोद : मध्येच थांबायला लागलं तर?

बकुळा : थांबेन.

प्रमोद : आणि मागे गेली तर?

बकुळा : जाईल थोडी. मग पुढे येईल. तुम्ही डोळे मिटलेत का?

प्रमोद : नाही. हो.

बकुळा : उघडा. चढ झाला.

प्रमोद : झाला? थांबली होतीस?

बकुळा : दोनदा.

प्रमोद : मला कळलंच नाही. अगं, तुझ्या बाजूला तो मलंगगड ना?

बकुळा : मग कोण? रोज असतो तो तिथे.

प्रमोद : रोज मी पुढच्या गाडीची नंबरप्लेट बघत असतो. काय सुंदर दिसतोय गं! नको, नको, तू बघू नकोस. तू समोर बघ. मी सांगतो तुला.