मलाबी मारा

हसता काहून बे? चाळिशीत पोरांसंगं सतरंजीवर बसून शिकणं लई अवघड. तवा सरकारी कारभार समदा उर्दूत; त्या परीक्षेबिगर पटवारकी पक्की होईना, म्हणून बायकापोरं नांदूरघाटला ठेवून मी बीडच्या शाळेत गेलतो. चार महिने माझ्या शेजारी कुणी बसलं न्हाई.

एकदा वर्गात दंगा झाला. मौलवीसाहेबांनी समद्यांना छडी दिली अन् मला तेवढं सोडून पुढं गेले.

मी हात पुढं केला. "साहेब, मलाबी मारा."

"आप हमसे बडे. कैसा मारूं?"

"वर्गातलाच हाय की मी!"

शेवटी मारली त्यांनी. चांगली सणसणीत.

मागं वळून बघितलं, तर पोरं एकमेकांच्या तळहातावर फुंकर घालत बसलीती. माझ्या हातावर मी माझीच घातली.