शास्त्रीबुवांचे दोन पाट आणि रखमाजीची गाढवी

मंडळी, आज एकच प्रश्न विचारतो. दिलेला शब्द पाळायचा – पण का पाळायचा?

ते खांबाला टेकून बसलेले काका म्हणतात, "पाळायचा म्हणजे पाळायचा!" काका, हे उत्तर नव्हे, हा दम झाला! कुणी म्हणेल, लोक नावं ठेवतील. आणि लोकांना कळलंच नाही तर? कुणी म्हणेल, देव बघतोय. म्हणजे देवाचा डोळा लागला की मोकळे का आपण? हसू नका! याच प्रश्नापायी एक मोठा विद्वान महिनाभर गोठ्यात बसला होता. ऐका त्याची गोष्ट.

कृष्णाकाठच्या एका गावात त्रिविक्रमशास्त्री राहायचे. तर्कात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. पाठशाळा घरातच, आणि शिकवायची रीत ठरलेली. समोरासमोर दोन पाट. एकावर बसेल त्यानं शंका घ्यायची, दुसऱ्यावर बसेल त्यानं उत्तर द्यायचं. नियम कडक – पाटावरच्याचं बोलणं पुरं होईपर्यंत समोरच्यानं तोंड उघडायचं नाही! असे दोन पाट घरोघरी हवेत हो. निम्मी भांडणं जागच्या जागी मिटतील.

गावाच्या कडेला रखमाजी कुंभार राहायचा. मागंपुढं कुणी नाही, एकटा जीव. तो तापानं अंथरुणाला खिळला, तेव्हा शास्त्रीबुवा काढा घेऊन गेले. म्हातारा तळमळत होता. मरणाला भीत नव्हता – नजर सारखी दाराबाहेर! तिथं त्याची गाढवी उभी होती, सोनी. अठरा वर्षं तिनं माती वाहिली होती आणि आता ती पायानं अधू झाली होती.

"शास्त्रीबुवा, माझ्या माघारी हिला कोण बघंल? मोकळी सुटली तर तरस फाडून खाईल वो."

"मी बघेन, रखमाजी."

"खरं?"

"अगदी खरं."

झालं! तळमळ थांबली. म्हातारा कुशीवर वळला, आणि घटकाभरात शांतपणे गेला. झोपडीत तिसरं माणूस नव्हतं.

शास्त्रीबुवांनी सोनीला घरी आणलं. आता बघा गंमत – इकडे बुवा सिद्धांताशी पोचायचे, आणि तिकडून सोनी सूर लावायची! शिष्य उपरण्यात तोंड खुपसून हसायचे. तेही चाललं असतं. पण एक दिवस संस्थानाचा कारभारी आला. विद्वानांच्या सभेचं अध्यक्षपद घेऊन आला होता! ज्या मानासाठी शास्त्रीबुवांनी तीस वर्षं रात्रीचा दिवस केला, तो मान चालत दारात आला. आणि दारात काय बांधलेलं? गाढव!

कारभारी म्हणाला, "शास्त्रीबुवा, पौर्णिमेला संस्थानचे लोक आपल्याला न्यायला येतील. त्याआधी हे ध्यान तेवढं हलवा. सभेची शोभा होईल."

गावात विचारून पाहिलं. लंगडी गाढवी कोण ठेवून घेणार? उरलं टेकडीपलीकडचं तरसांचं रान. शास्त्रीबुवांचा जीव कासावीस झाला. पण माणूस तर्काचा! त्यांनी गोठ्यात दोन पाट मांडले. स्वतःच एकावर बसायचे, उठून स्वतःच दुसऱ्यावर बसायचे.

या पाटावरून म्हणायचे, "रखमाजी गेला. शब्द मोडला तरी त्याला दुःख होणार नाही." त्या पाटावर जाऊन गप्प! पुन्हा इकडे – "ऐकलं कुणी नाही, म्हणजे बदनामी नाही. पुण्यासाठी पाळावा म्हटलं, तर तो व्यापार झाला. देवाच्या भीतीनं पाळावा, तर पहारा बघून चोरही थांबतो. त्याला कुणी धर्म म्हणत नाही." पुन्हा तिकडे गप्प! सोनी बिचारी समोर कडबा चघळत उभी. आपला निकाल लागतोय हे तिला काय ठाऊक!

असा महिना गेला. चतुर्दशीला सकाळी शास्त्रीबुवांनी दावं सोडलं. "कारण सापडत नाही," ते स्वतःशी म्हणाले, "आणि कारणाशिवाय मी कशालाच बांधलेला नाही."

तेवढ्यात त्यांच्या पत्नी सगुणाबाई सुपात तांदूळ घेऊन आल्या, आणि त्या रिकाम्या पाटावर ठाण मांडून बसल्या!

"अगं, तो उत्तर देणाऱ्याचा पाट आहे."

"ठाऊक आहे. बसा समोर."

नियम म्हणजे नियम. बसले बिचारे! (माझ्या समोरचे निम्मे पुरुष आत्ता खाली बघतायत.)

"अहो, तुम्ही म्हणालात 'मी बघेन', तेव्हा रखमाजीनं काय केलं?"

"कुशीवर वळला."

"त्याआधी?"

"तळमळत होता."

"म्हणजे तुमच्या शब्दावर त्यानं काळजी सोडली, आणि निवांत गेला. घेतला की त्यानं तुमचा शब्द! तुम्ही महिनाभर शोधताय, शब्द पाळून पुढं कुणाला काय मिळणार. मागं काय घडून गेलंय ते बघा ना! आता शब्द परत हवा असेल, तर रखमाजीला उठवा, त्याची काळजी त्याच्या उशाशी पुन्हा नेऊन ठेवा, आणि मग खुशाल हिला टेकडीपलीकडे सोडून या."

शास्त्रीबुवांनी उठून दावं पुन्हा खुंट्याला बांधलं. मग म्हणाले, "मला कसं सुचलं नाही गं हे?"

"दोन्ही पाटांवर तुम्हीच बसत होतात. रखमाजीला बसायला जागाच नव्हती."

पौर्णिमेला लोक आले, दारातली गाढवी पाहिली आणि तसेच परत गेले. मान गेला. वाईट वाटलं का? वाटलं! खोटं कशाला सांगू, दोन दिवस जेवण गेलं नाही त्यांना. पण तिन्हीसांजेला सोनीपुढं चारा ते स्वतः टाकायचे, तिच्या शेवटच्या दिवसापर्यंत.

तर मंडळी, गोष्ट शास्त्रीबुवांची संपली, तुमची-माझी राहिली. आईला म्हणालात, "धाकट्याला अंतर देणार नाही." बापाला म्हणालात, "आत्याला परकी करणार नाही." ती माणसं तुमच्यावर सोपवून निवांत गेली. आज त्यांच्या बाजूनं बोलायला कुणी नाही, म्हणून निकाल आपल्यासारखा लागतोय! आता टाळ उचला – पण विठ्ठलाचं नाव घेण्याआधी, जो तुमच्या शब्दावर निर्धास्त झाला, त्याचं नाव मनात घ्या.

घेतलं? सगळ्यांनी? नाही... अजून काही जण माझ्याकडेच बघतायत. थांबतो मी. घाई नाही.